कीर्तनाच्या व्रताचं उद्यापन

“घेणं सोप्पं, गं. निभावणं कठीण, आणि सोडणं त्याहून कठीण. व्रत कधी तसंच टाकून उठू नकोस. ज्याला साक्षी ठेवलंस त्याच्यापुढं जाऊन बस, सांग, हात जोड, मग सोड.”

राजसबाईंना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, पण कार्तिक लागला की सासूचा हा आवाज अन्नपूर्णाबाईंच्या कानाशी येऊन बसायचा. चातुर्मासात घेतलेली व्रतं याच महिन्यात पुरी व्हायची. उद्यापन झाल्याशिवाय व्रत संपलं असं म्हणायचं नाही, ही त्या घराची रीत. तंजावर सोडून चेन्नईला येऊन तीन पिढ्या झाल्या, बोलण्यात निम्मी तमिळ मिसळली, नातवंडं आपसात मराठी बोलेनाशी झाली. रीत तेवढी जशीच्या तशी राहिली होती.

यंदा अन्नपूर्णाबाईंनी लक्षवातीचं व्रत धरलं होतं. हातानं वळलेल्या एक लाख वाती आणि कार्तिकी पौर्णिमेला त्यांचा एकच दिवा. चैत्रापासून त्यांचे हात रिकामे नव्हते. डाळ शिजेपर्यंत वाती, टीव्हीवरच्या बातम्या संपेपर्यंत वाती. आणि आता दर गुरुवारी या बाकावर बसून वाती.

बाक होता जॉर्ज टाउनमधल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली कागदाच्या घाऊक व्यापाऱ्याचं दुकान, त्यामुळे जिन्याला कायम कोऱ्या वह्यांचा वास. वर पाटीवर नुसतं ‘कुटुंब आधार केंद्र’. आत काय चालतं ते पाटीवर नव्हतं, याबद्दल अन्नपूर्णाबाई देवाचे आभार मानत. जिन्यात ओळखीचं कोणी भेटलं, तर कसला तरी अर्ज भरायला आले म्हणून सांगता येत होतं. आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून खोटं बोलावं लागलं नव्हतं एवढंच.

आत येत ती मुलं. आपल्याहून लहान पोराशी जे करू नये ते करून बसलेली, किंवा करायच्या वाटेवर असलेली मुलं. कोणी मोबाइलवर नको ते बघून बघून बिघडलेला, कोणी स्वतःच कधी तरी कुणाच्या हाती सापडून मोडलेला. त्यांना समोर बसवून कोणी तरी बोलतं, रागावत नाही आणि सोडतही नाही, हे अन्नपूर्णाबाईंना अडुसष्टाव्या वर्षी कळलं. नातवापायी कळलं.

बंद दाराच्या काचेतून रघूचं डोकं दिसत होतं. चौदा वर्षांचा. मानेवर केस वाढलेले. समोर रेवा. केंद्रातली ही मुलगी साताऱ्याकडची. नवरा इथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, त्याच्यामागून ती आली आणि इथली तमिळ शिकून या कामाला लागली. पहिल्या दिवशी तिनं अन्नपूर्णाबाईंचं बोलणं ऐकून डोळे मोठे केले होते.

“आजी, तुमची मराठी किती जुनी हो! गोड वाटते.”

“आणि तुझी फार भरभर, पोरी. बुलेटवर बसून बोलल्यासारखी,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या होत्या. त्या दिवशी त्या केंद्रात एवढंच काय ते हसू झालं.

*

घडलं ते मे महिन्यात.

अन्नपूर्णाबाईंची मुलगी भवानी चेन्नईबाहेर आवडी गावाला राहायची, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. जावई राणोजी तिथेच कामाला. त्यांची एकुलती एक कीर्तना, आठ वर्षांची, सुट्टीत आजोळी आली होती. आली ती आजीची सावली होऊनच. आजी पहाटे उठली की ही उठणार, आजीनं तुळशीला पाणी घातलं की ही घालणार, आजी एकादशीला जेवत नाही म्हणून ही अर्धी इडली टाकून उठणार. वातीही वळायला बसायची. तिच्या वाती वाकड्या व्हायच्या, मध्येच जाड आणि टोकाला नुसता धागा. अन्नपूर्णाबाईंनी त्या मोडल्या नव्हत्या. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या.

“आजी, मलाही एक व्रत दे ना. माझं माझं. खरंखुरं.”

“मोठी हो आधी.”

“किती मोठी? रघुअण्णाएवढी?”

त्याच रघुअण्णानं, गच्चीवरच्या खोलीत, एका दुपारी, त्या पोरीशी जे करू नये ते केलं. आजी वाळवणाचे वडे उलटायला वर गेल्या आणि दार ढकललं. पुढचं त्या कधी कुणाला सविस्तर सांगू शकल्या नाहीत, आणि इथंही ते सांगायचं कारण नाही. रघूच्या तोंडात बसली ती त्यांच्या हातची आयुष्यातली पहिली थप्पड.

मग त्यांनी कीर्तनाला खाली आणलं, न्हाऊ घातलं, केस पुसले, कोरा परकर नेसवला. पोर रडत नव्हती. फक्त आजीकडे बघत होती, आता आजी काय म्हणेल म्हणून. आणि अन्नपूर्णाबाईंच्या डोक्यात एकच गिरमिट फिरत होतं. मुलगा माधव बँकेतून येईल, सून कमलिनी येईल, भवानीला कळेल, भाऊ-बहिणीचं तुटेल, राणोजी पोलिसात जाईल, घराचं नाव चव्हाट्यावर येईल. पोराचं आयुष्य जाईल, पोरीचं जाईल. झाकलेली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांच्या आईपासून त्या ऐकत आलेल्या.

त्यांनी कीर्तनाला देवापुढे पाटावर बसवलं. तिच्या उजव्या तळव्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि पळीनं पाणी घातलं.

“तुला व्रत हवं होतं ना, कण्णा? हे घे. मौनाचं व्रत. आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही. अम्माला नाही, अप्पाला नाही, टीचरला नाही. मी साक्षी आहे, देव साक्षी आहे. आता पाणी सोड.”

पोरीनं ताम्हनात पाणी सोडलं. केवढ्या जपून सोडलं! थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मग तिनं विचारलं, “हे खरंखुरं व्रत ना, आजी?”

“खरंखुरं.”

रघूला त्यांनी एकवीस दिवस रामरक्षा, गच्ची बंद आणि वडपळनीच्या मुरुगनापुढे मुंडण सांगितलं. स्वतः सहा महिने अळणी जेवायचं ठरवलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, रक्तदाब. प्रायश्चित्त झालं, तोंडं मिटली, पोरगं गप्प झालं; आपण घर वाचवलं असं त्यांना जूनभर आणि जुलैभर वाटत राहिलं. गप्प झालेलं पोरगं आतून कुजतंय हे त्यांना दिसलं नाही. आवडीला परत गेलेली पोर फोनवर ‘हं’ आणि ‘सरी, आजी’, म्हणजे ‘बरं, आजी’, याच्यापुढे बोलत नाही, हे दिसलं. पण मुलं मोठी होतात, असं त्यांनी मनाला सांगितलं.

ऑगस्टमध्ये रघूच्या शाळेत रेवा आली. मुलांच्या सुरक्षिततेवर एक तास बोलली. वाईट स्पर्श म्हणजे काय, कुणाला सांगायचं, फोन कुठं करायचा. तास संपला, वर्ग रिकामा झाला, रघू बाकावरच बसून राहिला.

“जिच्याशी झालं तिच्यासाठी नंबर दिलात,” तो तमिळमध्ये म्हणाला. “ज्यानं केलं त्याच्यासाठी आहे का?”

*

त्यानंतर घरावरून नांगर फिरला. केंद्रानं कायद्याप्रमाणे कळवायचं ते कळवलं. बाल न्याय मंडळापुढे दोनदा जाणं झालं. मंडळानं रघूला दर गुरुवारी केंद्रात जायला सांगितलं. माधवरावांनी पहिल्या रात्री पट्टा काढला होता. रेवानं दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून सांगितलं, “मारानं तो लपवायला शिकेल, दादा. तो सांगायला शिकलाय, ते मोडू नका.” माधवराव तिथेच, केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, ओंजळीत तोंड घालून रडले. कमलिनी आवडीला जाऊन नणंदेच्या पायावर पडून आली. भवानीनं तिला उठवलं नाही, पाणीही विचारलं नाही.

घरासाठी रेवानं एक कागद दिला. दारं उघडी ठेवायची. मोबाइल बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर. लहान पोराबरोबर रघू एकटा राहणार नाही, आणि हे दुसऱ्यांनी बघायचं तसं त्यानं स्वतःही बघायचं. कागद फ्रीजला चिकटवला होता, त्यावर पाहुण्यांना दिसू नये म्हणून कमलिनीनं देवस्थानचं कॅलेंडर लावलं.

समोरच्या घरातली चार वर्षांची चिमुरडी संध्याकाळी धावत यायची, तिला आजीच्या हातचा चकलीसारखा मुरुक्कू लागायचा. ती उंबऱ्यात दिसली की रघू पुस्तक मिटून उठायचा. “मी बाहेर जातो,” म्हणायचा आणि जिन्यात जाऊन उभा राहायचा, ती जाईपर्यंत. एकदा अर्धा तास उभा होता.

“तुमचा नातू फारच लाजाळू, मामी,” शेजारीण म्हणाली. “असाच राहू दे. हल्लीची पोरं बघवत नाहीत.”

अन्नपूर्णाबाईंच्या हातातला मुरुक्कूचा साचा तसाच थांबला. बोलण्यासारखं त्यांच्याकडे होतं, आणि ते एकट्या त्यांच्याकडे होतं. गच्चीचं सगळ्यांना कळलं होतं, आजीच्या थपडेसकट. ताम्हनातल्या पाण्याचं कुणालाही नाही.

रघूला ते ठाऊक नव्हतं; तो तेव्हा वरच बसून होता. कीर्तना बोलली नव्हती. आणि अन्नपूर्णाबाईंनी स्वतःला समजावलं होतं की आता सगळं उघड झालंच आहे, तेव्हा ते व्रत आपोआप गळून पडलं असेल. पिकलं पान गळतं तसं.

नवरात्रात इकडच्या रीतीनं पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्या, शेजारच्या पोरींचे पाय धुतले, कुंकू लावलं. आवडीहून कोणी आलं नाही. सर्वांत खालच्या पायरीवर कीर्तना दरवर्षी मातीची बदकं मांडायची, ती पायरी त्यांनी रिकामी ठेवली.

*

कार्तिकातल्या पहिल्या मंगळवारी भवानीचा फोन आला. तीन महिन्यांनी.

“आई, मी बोलायला फोन केलेला नाही. विचारायला केलाय.”

“विचार, बाळा.”

“बाळा-बिळा राहू दे. रघू आपल्या तोंडानं बोलला. दादानं मान खाली घातली. मग माझीच पोर का बोलत नाही? इथल्या केंद्रातली बाई चांगली आहे. रंग देते, बाहुल्या देते, तासन्‌तास बसते. ही सगळं खेळते. आणि त्या दिवसाचं नाव काढलं की उजवी मूठ मिटते. अशी घट्ट मिटते, आई, जशी आत काही तरी आहे आणि ते सांडेल. काल जेवताना मी वेडीनं विचारलं, तर भातातला हात मिटून बसली. मीच भरवलं शेवटी. आठ वर्षांची घोडी, मी भरवतेय.”

अन्नपूर्णाबाईंच्या हातातली वात सुटली.

“हे म्हणतात, रघूनं धमकी घातली असणार. बोललीस तर मारून टाकीन, असं काही तरी. तेच असणार. पोर उगीच का घाबरेल? मी त्या बाईला म्हटलं, मंडळाला कळवा, त्यानं धमकावलंय म्हणून. सगळं बोलला, हे लपवलं. तुझा लाडका! तुला काही ठाऊक आहे का, आई? त्या दिवशी तू घरात होतीस.”

साठ वर्षं देवाचं नाव घेतलेलं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, “मला काय ठाऊक असणार, गं.”

फोन ठेवल्यावर त्या देवापुढे गेल्या. ताम्हन घासून उपडं घातलं होतं. पळी खुंटीला होती. ढसाढसा रडावं असं वाटलं, पण रडू आलं नाही. पान गळालं नव्हतं. त्यांनी लावलेलं, त्या पोरीनं जिवापाड जपलेलं. घरात एवढ्या निष्ठेनं व्रत कुणी पाळलं नसेल, राजसबाईंनीही नाही.

*

गुरुवारी रघूचा तास संपला आणि तो बाहेर आला, तशा अन्नपूर्णाबाई बाकावरून उठल्या.

“तू इथं बस. मला आत जायचंय.”

रेवानं खुर्ची पुढे केली. चहा मागवू का म्हणाली. अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली.

“पोरी, रघूला धमकीचं विचारलंत काय तुम्ही?”

“विचारलं, आजी. तीनदा.”

“काय म्हणाला?”

“ते तुम्हाला सांगू का असं मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला, म्हणून सांगते. तो म्हणाला, ‘मी नाही घातली धमकी. पण घातली असं लिहा. म्हणजे आत्याला उत्तर मिळेल.’”

खालच्या दुकानात कागदाचे गठ्ठे उतरत होते. धप्प, धप्प. अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“धमकी नव्हती ती,” त्या म्हणाल्या. “व्रत होतं. मी दिलं.”

आणि मग सगळं सांगितलं. पाट, तुळशीचं पान, पळी, ‘टीचरला नाही’. मध्ये कुठं थांबल्या नाहीत, स्वतःची बाजू घेतली नाही. एवढंच म्हणाल्या, “तिनंच मागितलं होतं, गं. सुट्टीभर मागत होती. आणि मी तेच तिच्या तोंडावर बांधलं.”

रेवाच्या डोळ्यांत राग आला असता तर अन्नपूर्णाबाईंना बरं वाटलं असतं.

“आजी, मला हे लिहावं लागेल. मंडळाला, आवडीच्या केंद्राला कळवावंही लागेल. त्याचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

“लिही. माझं नाव पुरं लिही. अन्नपूर्णाबाई तुकोजीराव, असं. रघूचं ते खोडून टाक.”

“आणि कीर्तनाला तिथली ताई सांगेल की, बाळा, आता बोललं तरी चालतं...”

“चालणार नाही,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण रेवाचं पेन थांबलं. “तुम्ही हजार वेळा सांगाल. तिला ठाऊक आहे व्रत कसं असतं. तीन वर्षांची होती तेव्हापासून बघत आलीय. साक्षी होता कोण? मी. सोडवायचं कुणी? मी. दुसऱ्या कुणी ‘सोड’ म्हटलं तर ते मोडणं झालं, आणि मोडलं तर काहीतरी वाईट होईल म्हणून ती मरेस्तोवर मूठ उघडणार नाही. मला जावं लागेल. तिच्यासमोर बसावं लागेल.”

“तुम्हाला तिच्यापुढे नेणं तिच्या हिताचं आहे का, ते मला एकटीला नाही ठरवता येत. आवडीच्या ताई आहेत. भवानीताई आहेत. मुख्य म्हणजे कीर्तना आहे.”

“विचार. सगळ्यांना विचार. पण भवानीला मी सांगतें. ते तू नको.”

रेवानं फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि स्वतः बाजूला बसून राहिली. भवानीनं उचलला तेव्हा मागं कुकरची शिट्टी होत होती. अन्नपूर्णाबाईंनी सांगायला सुरुवात केली तेव्हा दुसरी झाली. मग तिसरी, चौथी. कुकर बंद करायला भवानी उठली नाही. शेवटी कुणी तरी, राणोजीच असतील, गॅस बंद केला.

“आई.”

“हं.”

“सुट्टीहून आली तेव्हा म्हणाली होती, ‘अम्मा, आजीनं मला व्रत दिलं.’ मी म्हटलं, वा, कसलं? तर म्हणाली, ‘ते सांगायचं नसतं.’ मी हसले, आई. ह्यांनाही सांगितलं, बघा, सासूबाईंची नात शोभते. मी हसले.”

अन्नपूर्णाबाईंनी टेबलावरचा फोन आणखी जवळ ओढला.

“परवा विचारलं तेव्हाही खोटं बोललीस. तू. माझी आई.”

“होय.”

“तुला मी माफ करेन असं मनात आणू नकोस.”

“नाही आणत.”

फोन बंद झाला.

*

आवडीहून उत्तर यायला आठ दिवस लागले. दोन्ही केंद्रांचं बोलणं झालं, मंडळातून एक बाई घरी येऊन अन्नपूर्णाबाईंचा जबाब घेऊन गेल्या. माधवराव आईशी बोलेनासे झाले. जेवायला बसले की ताटाकडे बघत. कमलिनी तेवढी एकदा भांडी लावता लावता म्हणाली, “आई, मी असते तर मीही तेच केलं असतं की काय, कोण जाणे. म्हणून मला तुमच्यावर रागावताही येईना.” त्या सांत्वनानं अन्नपूर्णाबाई जास्तच खचल्या.

मग गुरुवारी रेवानं त्यांना आत बोलावलं.

“आवडीच्या ताईंनी कीर्तनाला विचारलं, आजी भेटायला येऊ का म्हणते. ती म्हणाली, ‘आजीला पळी घेऊन यायला सांगा.’ तेवढंच. भवानीताई शनिवारी सकाळी चालेल म्हणाल्यात. तिथल्या ताई हजर असतील. तुम्ही पायरीवर बसायचं, आत यायचं की नाही ते कीर्तना ठरवेल.”

“सरी.”

“आता माझं ऐका. तीन गोष्टी. तिच्यासमोर रडायचं नाही; तुम्ही रडलात तर ती तुम्हाला सांभाळत बसेल. माफी मागून तिच्याकडून ‘असू दे, आजी’ असं काढून घ्यायचं नाही. तुमची चूक झाली, तिची नाही, एवढं सांगायचं आणि थांबायचं. आणि रघूचा निरोप न्यायचा नाही. तिला हवा असेल तेव्हा ती मागेल. कधीच मागणार नाही, असंही होईल.”

“आणि सोडताना पाणी?”

“तिला विचारा. नको म्हणाली तर नको. आणि तुम्ही सोडवलंत तरी ती लगेच बोलेल असं धरून जाऊ नका. परत आलात आणि मूठ तशीच असली तरी.”

अन्नपूर्णाबाईंनी मान डोलावली.

“वचन द्या, आजी.”

आयुष्यात त्यांनी देवाला पुष्कळ वचनं दिली होती. माणसाला असं समोर बसून, डोळ्यांत बघून, बहुधा पहिल्यांदाच.

“देतें,” त्या म्हणाल्या.

*

शनिवारीच कार्तिकी पौर्णिमा होती.

लक्षवात पुरी झाली होती. सूपभर वाती तुपात भिजवायच्या बाकी होत्या. पितळेची मोठी पणती चिंचेनं घासून लखलखीत केली होती. पुरोहित कृष्णस्वामी दहाला येणार, दोन जोडपी जेवायला सांगितलेली, कमलिनीनं पहाटेच पुरणाची डाळ शिजत घातली होती. अन्नपूर्णाबाई अंघोळ करून आल्या, देवाला नेहमीचा दिवा लावला आणि सुपावर कोरं फडकं झाकलं.

“आई, तूप विरघळायला ठेवू?”

“नको. कृष्णस्वामींना फोन कर. म्हणावं, आज नाही. जोडप्यांना जेवू घाल मात्र, अन्न वाया घालवू नको.”

कमलिनी तुपाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. “चैत्रापासूनचं आहे, आई. तिथी चुकली तर वर्षभर थांबायचं. आवडीहून संध्याकाळपर्यंत याल की परत.”

“आलें तरी नाही. आधी पोरीचं उद्यापन. तिचं होईस्तोवर माझं कसं होणार? ती माझ्याहून कडक व्रतात आहे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “वर्ष तर वर्ष.”

त्यांनी खुंटीवरची पळी काढली, धुतली, जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. बिस्किटाचा पत्र्याचा डबा उचलला. वाकड्या वाती. क्षणभर हातात धरला आणि परत फडताळात ठेवला. न्यायला सांगितलं होतं तेवढंच न्यायचं.

बाहेरच्या खोलीत माधवराव वर्तमानपत्र धरून बसले होते. पान कितीतरी वेळ उलटलं नव्हतं. “पाऊस आहे,” ते पेपरातूनच म्हणाले. आठवडाभरातला आईशी पहिला शब्द. “बीच स्टेशनवरून आवडीची गाडी मिळेल. सेंट्रलला गर्दी असते.”

“हं.”

रघू दाराशी छत्री घेऊन उभा होता. छत्री उघडून, बिघडली नाही ना बघून, परत मिटून त्यानं ती आजीच्या हातात दिली.

“मी काही निरोप देत नाही,” तो म्हणाला. मराठीत म्हणाला, शब्द शोधत. “रेवाअक्कांनी सांगितलंय, नको.”

“बरं.”

“फक्त... ती उजव्या हातानं जेवते का, ते. तू आल्यावर सांगशील?”

अन्नपूर्णाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या दुपारनंतर त्यांनी या पोराला हात लावला नव्हता. ना मारायला, ना जवळ घ्यायला. आत्ताही हात उचलला तो अर्ध्यावर राहिला, आणि मग त्यांनी त्याच्या खांद्यावरचं कापसाचं एक तूस काढलं.

“विचारणार नाही तिला. दिसलं तर सांगेन.”

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. उजव्या हातात पिशवी होती, तिच्या तळाशी पळी पायाला लागत होती. रडायचं नाही. माफी काढून घ्यायची नाही. निरोप नाही. जपाची माळ ओढावी तसं एकेका पायरीला त्या मनात म्हणत गेल्या. समोरच्या दाराची चिमुरडी उंबऱ्यात बसून रांगोळीचा पांढरा हात परकराला पुसत होती.

“मामी, मुरुक्कू?”

“आल्यावर,” त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडून गल्लीतल्या पाण्यातून, काठाकाठानं, बीच स्टेशनच्या वाटेला लागल्या.